चौदा चिंचोके अन् एक वाफा

गुरुवारी सकाळी साडेदहाला तानाबाईनं समोरच्या दारावर पायानंच धाडधाड केलं. बेल दाबायला हात मोकळा नव्हता. एका हातात चहाचा पेला, दुसऱ्यात चिंचोक्याची पिशवी.

"बाई, उरका की! खाली समद्या जमल्या असतील."

"दार मोडतीस का काय?" गोजाबाई आतून वरडली. "बिल्डरनं पुठ्ठ्याचं दिलंय, ठावं न्हाई व्हय तुला?"

गोजाबाई थोरली जाऊ, तानाबाई धाकटी. कैक वर्सं एका चुलीवर भांडल्या, अन् चूल गेली तवापासून समोरासमोरच्या फ्लॅटच्या दारात उभ्या ऱ्हाऊन भांडायच्या. तीनशे दोन धाकटीचा, तीनशे तीन थोरलीचा. खालच्या मजल्यावरच्यांना टीव्हीवर मालिका लावायची गरजच पडत नव्हती.

गोजाबाईनं दार उघडलं तर तानाबाई पेला चपलांच्या स्टँडवर ठिवून डावा दंड चोळत उभी.

"हाताला काय झालं गं?"

"रातीचा अंगाखाली दबला. अन् छातीत जळजळतंय जरा. काल हर्षालीनं त्ये मंचुरियन आनलं व्हतं, लई खाल्लं."

"खा अजून. अन् हात चिंचोके मोजून दुखत आसंल. आज घटकाभर तरी तुझ्यापाशी ऱ्हातात का बघ."

तानाबाई हसली. "बाई, औंदा वाफा माझा."

"तुझा वाफा! तुला पत्ते टाकायची सवय. टाकत टाकत घरी येशील."

असं म्हनून गोजाबाईनं पायात चप्पल सरकवली अन् दोघी लिफ्टनं खाली गेल्या. लिफ्टमधी पन भांडल्या, पन ते पंख्याच्या बटनावरनं.

आता हा वाफा काय ते सांगितल्याबिगर म्होरं जाता येनार न्हाई. चऱ्होलीत जिथं सोसायटीच्या चार बिल्डिंगी उभ्या हायेत तिथं ह्यांचंच रान व्हतं. रान गेलं, फ्लॅट आले, समद्या जागेवर फरशी न्हाईतर सिमेंट झालं. क्लबहाऊसची भिंत अन् लाईटची डीपी ह्यांच्या मधी पंधरा बाय दहाची एक पट्टी तेवढी मातीची ऱ्हायली. बिल्डर फरशी टाकायला इसरला. झालं, त्या पट्टीवरनं सोसायटीत रोज कालवा. एकीला तिथं बाकडं पायजे, एकीला तुळशीवृंदावन, एकीला पोरांची घसरगुंडी. कमिटीतल्या बाप्यांनी हात वर केले. मग बायांनीच ठरवलं. दिवाळी झाली की पयल्या गुरुवारी क्लबहाऊसात पोकरचा सामना लावायचा. जी जिंकंल तिला वरीसभर पट्टी. तिनं तिथं काय बी करावं, कुनी तोंड घालायचं न्हाई. गुरुवार यासाठी की त्या दिशी कंपन्यांना सुट्टी, नवरे घरी, कुकर लावायला कुनीतरी असतं.

पयल्या वर्सी सुमनताई जिंकली. ही लातूरकडची, नवरा चाकणला गाड्यांच्या कंपनीत, बाई मोठी हौशी. तिनं पट्टीवर प्लास्टिकचं हिरवं गवत आंथरलं अन् फोटो काढायला पांढऱ्या पत्र्याचा एक मोठा बदाम उभा केला. बदामात उभं ऱ्हाऊन पार चिंचवडच्या पाव्हन्यांनी फोटो काढले. दुसऱ्या वर्सी गोजाबाई जिंकली. तिनं बदाम काढला, दोन खाटा टाकल्या अन् कुरडया वाळवल्या. उन्हाळ्यात कुरडया, पावसाळ्यात रिकाम्या खाटा. मातीत एक बी टाकलं न्हाई. तानाबाई महिनाभर तिच्याशी बोलली न्हाई. ह्या दोघींनी महिनाभर न बोलनं म्हंजी काय, डॉक्टरला दाखवायची पाळी.

तानाबाईला तिथं मेथी पायजे व्हती. मेथी, कोथमीर, कडंला वांग्याची चार रोपं. दुसरं काय न्हाई.

"मग कुंडीत लाव की," गोजाबाई म्हनायची. "गॅलरी कशाला दिलीय?"

"कुंडीतलं वांगं म्हंजी नव्या नवरीवानी, मान वर करत न्हाई. मला जिमिनीत हात घालायचाय, बाई. मनगटापोत्तर."

तानाबाई चाकणच्या पल्याडची. शाळा तिसरीपोत्तर. सतराव्या वर्सी लगीन व्हऊन चऱ्होलीला आली, अन् आल्या आल्या डोक्यावर पाटी घेऊन आळंदीला अन् भोसरीला भाजी इकायला लागली. इकनं तिच्या अंगातच. म्हनायची, जो भाव इचारतो तो घेत न्हाई, जो जुडी उचलून नाकाला लावतो तो घेतो, मग त्यो तोंडानं कितीबी नको म्हनू दे. पुढं रान गेल्यावर एका कंपनीच्या कँटीनमधी सात वर्सं पोळ्या लाटल्या. तिथं बी कोन दुसऱ्यांदा भाजी मागनार हे तिला ताटाकडं न बघता कळायचं. जिमिनीच्या कागदावर सह्या झाल्या तवा तिला कुनी इचारलं न्हाई. ती फकस्त खुरपं धुऊन पुसून तिसऱ्या मजल्यावर घेऊन आली, अन् ते मिक्सरच्या शेजारी ठिवलं. हर्षालीनं एकदा त्यानं नारळ फोडायला घेतला तर तिचा हात धरला.

हर्षाली म्हंजी तिची सून. हिंजवडीला कॉम्प्युटरच्या हापिसात. लॉकडाऊनमधी घरूनच काम करायची अन् मधी मधी फोनवर पोकर खेळायची. सासू मागं उभी ऱ्हाऊन बघायची. आठ दिवस बघितलं अन् मग म्हनली, "हे तर भाजीबाजाराचंच हाय. शिकीव मला."

हर्षालीनं चिंचोके मांडून शिकवलं. हरेकीला दोन पत्ते झाकून, मधी पाच पत्ते उघडे. आपले दोन अन् मधले पाच, सातातनं जिचे पाच भारी तिचा डाव. आवडलं तर चिंचोके लावायचे, न्हाई आवडलं तर पत्ते टाकून गप बसायचं. पन मेख अशी की हरेक डावाला दोघीदोघींनी पाळीपाळीनं पत्ते बघायच्या आधीच चिंचोके मधी ठिवायचे, अन् थोड्या थोड्या वेळानं ते वाढत जायचे. म्हंजी नुसतं हातावर हात ठिवून बसलं तरी ढीग कमी व्हतोच. समदे गेले की उठायचं.

"आई, ढीग लहान झाला ना, की चिल्लर लावत बसायचं नाही," हर्षाली म्हनली. "एक तर टाका, नाहीतर सगळेच्या सगळे एकदम पुढे सारा. पत्ते हलके असले तरी सारा. समोरचे घाबरतात, आपले पत्ते टाकून देतात, अन् मधले चिंचोके फुकट तुमचे."

तानाबाईनं ते पयल्या वर्सी करून बघितलं. हातात नव्वी अन् चौकी, अन् समदे चिंचोके पुढं सारले, अशा ऐटीत की जनू चार एक्के हायेत. गोजाबाई तेवढेच चिंचोके लावून डावात आली. सुमनताई आली. आनखी एक बाई होती, ती बी आली. कुनी घाबरलंच न्हाई. तानाबाई पावनेबारालाच घरी.

हर्षालीला हे गनित सुटंना. "मोठ्या आई, तुमच्याकडे सत्ती-तिर्री होती! ती घेऊन तुम्ही कशा आलात?"

"हातात आली व्हती ना," गोजाबाई म्हनली. "आलेलं टाकू न्हाई."

तर ही खरी भानगड. गोजाबाई बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर सुकडी खाऊन वाढलेली पोर. तिच्या ताटात कधी कढीपत्त्याचं पान बी शिल्लक ऱ्हात न्हाई. दिलेलं टाकायचं म्हंजी पाप. अन् एक गोजाबाईच न्हाई, सोसायटीतल्या समद्याच बाया तसल्या. कुनी टाकायला गेलीच तर शेजारची म्हनायची, अगं बघ तरी, आलंय तर. सुमनताईचं आनखी येगळं. तिला कुनाकडं काय हाय हे बघितल्याबिगर झोप येत न्हाई. "मी नुस्तं बघायलेय की," असं म्हनून मूठभर चिंचोके लावायची, शेजारच्या घरात डोकवावं तसं.

तानाबाईनं त्यावर दोन दिवस इचार केला. मग भाकरी थापता थापता सुनेला म्हनली, "तुझ्या फोनमधल्या मानसांना भ्या असतं, म्हनून त्यांना भेडवायचं. आमच्या बायांना भ्या न्हाई, त्यांना पाप लागतं. ज्या गिऱ्हाइकाला नको म्हनताच येत न्हाई, त्याला खोटं कशाला बोलायचं? त्याच्याम्होरं चांगला मालच ठिवायचा. घेनारच हाय त्यो."

"म्हणजे?"

"म्हंजी हलक्या पत्त्यावर एक चिंचोका लावायचा न्हाई. ढीग कमी झाला तरी जीव घाबरा करायचा न्हाई. एक्का, राजा, न्हाईतर जोडी, असलं काय आलं की समदं म्होरं. आन त्या येतील, दोघी दोघी येतील. एका डावात तिप्पट."

हर्षालीनं लॅपटॉपवर आकडे मांडले, अर्धा तास काय काय केलं अन् म्हनली, "आई, बरोबर येतंय हो."

"बरं झालं कॉम्प्युटरला बी पटलं," तानाबाई म्हनली, अन् भाकरी उलटली.

दुसऱ्या वर्सी ह्या अकलेनं ती शेवटच्या तिघींत गेली, पन पत्त्यांनीच दगा दिला अन् गोजाबाईच्या कुरडया वाळल्या. हे तिसरं वरीस.

क्लबहाऊसात आठ जनी बसल्या, हरेकीला चाळीस चिंचोके. हर्षालीला सुट्टी नव्हती, पन ती लॅपटॉप मांडीवर घेऊन सासूच्या मागं खुर्ची टाकून बसली. मीटिंगमधी हो हो म्हनायची अन् डोळे टेबलावर.

दीड तासात पाच जनी उठल्या. ऱ्हायल्या तिघी. सुमनताईम्होरं चिंचोक्याचा डोंगर, गोजाबाईम्होरं टेकडी, अन् तानाबाईम्होरं सव्वीस. तानाबाईनं पत्ते टाकले. परत टाकलं. सलग सहा डाव टाकले. न बघता द्यायचे ते देत देत चौदा ऱ्हायले.

"तानाबाई, तुम्ही खेळायलात का नुस्तं हवा खायलात?" सुमनताई म्हनली.

"पंखा चांगलाय तुमच्या क्लबहाऊसचा."

"ताने, चौदा चिंचोक्यात आमटी बी आंबट व्हनार न्हाई," गोजाबाई म्हनली. "लाव अन् मोकळी व्ह. अंघोळ करून घे, तोंड बघ कसं घामाजलंय."

तानाबाईचं तोंड खरंच घामाजलं व्हतं. तिनं पदरानं पुसलं, दोन पत्ते कोपरा उचलून बघितले अन् चौदाच्या चौदा चिंचोके तळहातानं म्होरं सारले. भाजीवाली तागडीत शेवटची जुडी टाकती तसे.

"मी नुस्तं बघायलेय," सुमनताई.

"आलेलं टाकू न्हाई," गोजाबाई.

तानाबाईपाशी एक्का-राजा. मधी एक्का पडला. चौदाचे बेचाळीस झाले. हर्षाली मीटिंगमधी "येस!" म्हनून वरडली, अन् तिकडं कुठल्यातरी साहेबाला वाटलं पोरीनं काम अंगावर घेतलं.

परत तानाबाई टाकत बसली. मग रान्यांची जोडी आली, समदे म्होरं, परत दोघी आल्या, परत तिप्पट. आता तिच्या बी म्होरं टेकडी. गोजाबाईला कळत व्हतं, ही बया चांगलं असल्याबिगर हालत न्हाई. कळत व्हतं, तरी हात म्होरं जायचाच. तानाबाई टाकून बाजूला बसली अन् सुमनताई-गोजाबाई आपसात भिडल्या, त्यात सुमनताई गेली. जाताना म्हनली, "बघितलं नसतं तर बरं झालं असतं की."

ऱ्हायल्या दोघी जावा. बघायला जमलेल्या बायांनी खुर्च्या फुडं ओढल्या. कुनीतरी घरी फोन करून सांगितलं, कुकर बंद करा, मला येळ लागंल.

चार डावात चिंचोके हिकडचे तिकडं झाले. तानाबाईचा ढीग वर आला, गोजाबाईचा खाली. अन् मग तानाबाईनं पत्त्यांचा कोपरा उचलला, खाली ठिवला, अन् समदे म्होरं सारले. डावा हात मांडीवर तसाच पडलेला.

गोजाबाईनं आपले पत्ते बघितले. सत्ती अन् दुर्री. ह्याच्यापरीस वाईट दोन पत्ते त्या गड्डीत नव्हते.

"टाका टाका गोजाबाई," मागनं बाया वरडायला लागल्या. "अजून चिंचोके हायेत तुमच्याकडं!"

गोजाबाईनं जावंकडं बघितलं. तानाबाई तिच्याकडं बघत नव्हती, खिडकीतनं बाहेर बघत व्हती. खिडकीतनं डीपी दिसायची, अन् डीपीच्या खाली रिकामी खाट. गोजाबाईनं पत्ते उचलले, टाकायला म्हनून हात अर्ध्यात नेला. जन्मात पयल्यांदा नेला. मग खाली घेतला.

"बापानं शिकवलं न्हाई टाकायला," म्हनली अन् होतं तेवढं म्होरं सारलं.

तानाबाईपाशी नव्व्यांची जोडी. मधी एक सत्ती पडली, तवा बाया किंचाळल्या. शेवटच्या पत्त्याला आनखी एक सत्ती न्हाईतर दुर्री आली असती तर वाफा गेला असता. छक्की आली.

पुढं कैक जनींनी म्हनलं, गोजाबाईनं मुद्दाम दिला वाफा. गोजाबाई देवाची आन घेऊन सांगती, न्हाई दिला. खरं काय ते तिला बी नीट सांगता येत न्हाई.

तानाबाई उठली, चिंचोके पिशवीत भरले, अन् सरळ पट्टीवर गेली. खाट भिंतीला लावली, खाली बसली, बोटानं माती उकरली. चिमूट उचलून नाकाला लावली.

"काय म्हनती जिमीन?" गोजाबाईनं इचारलं.

"सिमेंटचा वास येतोय. व्हईल नीट." मग जावंकडं वर बघून म्हनली, "बाई, कुरडया वरच्या गच्चीवर वाळत घाला औंदा. मेथीची पयली जुडी तुमची."

"तुझी मेथी कोन खातंय! कडू करशील."

वर गेल्यावर तानाबाईनं जरा भात कालवून खाल्ला, अर्धा ठिवला. छातीतलं जळजळनं काय कमी व्हईना म्हनून वव्याचं पानी प्याली अन् आडवी झाली. हर्षाली डॉक्टरकडं जाऊ म्हनली तर म्हनली, चार वाजता जाऊ, दवाखाना तवाच उघडतोय, अन् आता मला पडू दे, लई बरं वाटतंय मनाला.

चारला मालोजीरावांनी चहा केला. मालोजीराव म्हंजी तानाबाईचा नवरा, गोजाबाईचा दीर, भोसरीच्या फोर्जिंगमधनं रिटायर, हातोड्याच्या आवाजानं कान गेलेला देवमानूस. दोन कप घेऊन आले, स्टुलावर ठिवले. बायको झोपलीय, झोपू दे म्हनले. आपला कप प्याले. बाहेर थोडं बघितलं. तिचा चहा गार व्हायला लागला, म्हनून तो बी प्याले, इचार केला दुसरा करून देऊ. मग उठवायला गेले.

गोजाबाईला त्यांची हाक आयकू आली, पन त्यांचा आवाज कायम मोठाच, म्हनून ती उठली न्हाई. दुसऱ्या हाकंला उठली.

डॉक्टर आला अन् म्हनला, हार्टॲटॅक, सकाळपासूनच चालू असनार. हात दुखत होता का? गोजाबाईनं त्याच्याकडं बघितलं. चिंचोके मोजून दुखत आसंल, ती म्हनली व्हती. तेरा दिवस तिनं हे वाक्य कुनाला सांगितलं न्हाई. रोज सकाळी दार उघडायची, समोरच्या दाराकडं बघायची, अन् भांडायला तोंड उघडायच्या आतच मिटायची.

इंद्रायणीवर दहावा झाला, तेरावा झाला. गोडाच्या जेवनाला सुमनताई वाढायला व्हती, डोळे पुसत पुसत बुंदी वाढत व्हती. त्याच राती सोसायटीच्या ग्रुपवर कमिटीचा मेसेज आला. कै. तानाबाईंना श्रद्धांजली, अन् खाली, पट्टीबाबत काय करावे? पर्याय एक, पुन्हा सामना घ्यावा. पर्याय दोन, फरशी टाकून घ्यावी. खाली बटन दाबायचं.

हर्षाली मेसेज घेऊन गोजाबाईकडं आली. तिचे डोळे सुजलेले.

"मोठ्या आई, आईंनी जिंकलाय ना तो?"

"जिंकलाय."

"मग तिसरा पर्याय का नाही?"

वाफा जिंकनारीचा, पन जिंकनारी न्हाई. तिच्या नावानं आपुन मेथी टाकली तर लोक म्हनतील, थोरलीनं मयतीच्या आडून जागा लाटली. न्हाई टाकली तर फरशी. अन् पुन्हा सामना झाला तर त्या टेबलापाशी बसायचं कुनी? दोन दिवस गोजाबाई बटनाकडं बघत ऱ्हायली. एकशे सहा लोकांनी बटनं दाबली, फरशी फुडं चालली व्हती.

पंधराव्या दिशी, गुरुवारीच, सकाळी खालनं सिक्युरिटीवाल्याचा फोन आला.

"काकू, गेटवर ट्रॅक्टर आलाय. शेनखत घेऊन. तीनशे दोन सांगतोय, तिकडं कुनी फोन उचलत न्हाई."

गोजाबाई खाली गेली. गेटाबाहेर लाल ट्रॅक्टर, मागं ट्रॉली काठोकाठ भरलेली, वर ताडपत्री. वास असा की दुसऱ्या मजल्यापोत्तरच्या खिडक्या बंद व्हायला लागल्या. ट्रॅक्टरवर बंटी नावाचा पोरगा, मरकळचा, गोठ्यावाल्यांचा.

"तानाबाई तुमीच का मावशी?"

"न्हाई. काय काम व्हतं?"

"खताची ऑर्डर हाय त्यांची. म्हनल्या व्हत्या, दोन आठवड्यांनी आना, तवर जागा खनून घेते. दोन आठवडे झाले, आनलं."

वरनं सुमनताई गॅलरीत आली, नाकाला पदर. "अगं बाई, काय आणलाव हे? वास यायलाय की सगळीकडं!"

सिक्युरिटीवाला म्हनला, "काकू, सेक्रेटरी साहेब म्हनत्यात आत घेऊ नका, आधी परवानगी."

गोजाबाई ट्रॅक्टरच्या चाकापाशी गेली. "फोन कवा केलता तिनं? वाफा मिळाल्यावर, दुपारी ना?"

बंटीनं मोबाईल काढला, अंगठ्यानं वर वर सरकवत गेला. "न्हाई मावशी. ही बघा. गुरुवारी सकाळी नऊ वाजून सात मिन्टं."

"नीट बघ."

"नऊ सात. मी दूध घालून आलो व्हतो. म्हनल्या, चांगलं कुजलेलं दे, कच्चं देऊ नको, थोरल्या जावंला कच्च्या खताची शिंक येती."

गोजाबाईनं बोटावर मोजलं. सामना अकराला बसला व्हता. नवाला ह्या बाईनं खत सांगितलं.

"भवाने," ती ट्रॉलीकडं बघून म्हनली. "एवढं धरून चालली व्हतीस व्हय मला."

अन् तिला हसू फुटलं. पंधरा दिसात पयल्यांदा. हसता हसता डोळ्यातनं पानी यायला लागलं तसं तिनं पदर तोंडात कोंबला. बंटी घाबरला, त्याला कळंना बाई हसती का रडती. सिक्युरिटीवाला फोन कानाला लावून उभा.

"मावशी, परत नेऊ का मग?"

"परत?" गोजाबाईनं तोंड पुसलं, पदर कमरेला खवला. "दारात आलेलं परत नेतोस? गेट उघड रे. साहेबाला म्हन, गोजाबाईनं सांगितलं." अन् वर गॅलरीकडं बघून वरडली, "सुमनताई, नुस्तं बघू नका, घमेलं घेऊन खाली या!"

ट्रॅक्टर आत आला. डीपीपाशी बंटीनं ट्रॉली मागं घेतली, अन् इचारलं, कुठं टाकू. गोजाबाईनं खाट उचलून बाजूला फेकली अन् पायानं मातीवर रेघ मारून दाखवली, हितनं हितपोत्तर. सुमनताई घमेलं घेऊन आली, नाकाला रुमाल बांधून. ट्रॉलीचा फाळका पडला, काळंभोर खत धसकन खाली आलं, अन् गोजाबाईला एकामागं एक चार शिंका आल्या.